स्वयंपाकघरासाठी काउंटडाउन टायमर: स्क्रीन बंद झाली की वाजत नाही

उकडपात्र:
एका वेळी तीन-चार टायमर लावता येतील असं ॲप हवंय. एका शेगडीवर इडली 12 मिनिटं, दुसरीवर मंद आचेवर कुकर 15, बाजूला चहा 4, असं एकदमच चालू असतं. प्रत्येकाला नाव देता आलं पाहिजे, नाहीतर वाजलं ते कशाचं हेच कळत नाही. सध्याचं ॲप फोन हातात असेपर्यंत बरोबर चालतं. स्क्रीन बंद करून ओट्यावर ठेवला की उशिरा वाजतं, कधीकधी तर फोन उचलल्यावरच. अँड्रॉइड 14 आहे. आईकडे आयफोन आहे, तिच्यासाठीही सांगा. जाहिराती नकोत.

सेकंदकाटा:
ॲप बदलण्याआधी सेटिंग बघा, नाहीतर नव्या ॲपलाही तेच होईल.

स्क्रीन बंद आणि चार्जर काढलेला असला की अँड्रॉइड मागे चालणाऱ्या ॲप्सना झोपवतं. जे ॲप स्वतःच सेकंद मोजत बसतं त्याचं मोजणं तिथेच थांबतं. नीट लिहिलेलं ॲप "अमुक वेळेला मला उठव" असं सिस्टिमला सांगून ठेवतं, पण अँड्रॉइड 12 पासून त्याला वेगळी परवानगी लागते आणि 14 वर नव्याने टाकलेल्या बऱ्याच ॲप्सना ती आपोआप मिळत नाही. सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस, अलार्म्स अँड रिमाइंडर्स: इथे तुमचं ॲप चालू करा. मग ॲप इन्फोमध्ये बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा आणि नोटिफिकेशनची परवानगी तपासा. सॅमसंगवर 'स्लीपिंग ॲप्स'च्या यादीत ते गेलं असेल तर बाहेर काढा, शाओमीवर 'ऑटोस्टार्ट' चालू करा. रिसेंट्समधून ॲप सरकवून बंद करायची सवय असेल तर ती मोडा. काही फोनवर त्याबरोबर टायमरही जातो.

ॲप म्हणाल तर गूगलचं क्लॉक. कितीही टायमर, प्रत्येकाला लेबल, जाहिरात नाही. एक खोच आहे: आकडे उजवीकडून भरतात. 12 दाबलंत तर 12 सेकंद लागतात, 12 मिनिटांसाठी 1200 दाबायचं. ओपन सोर्स हवं असेल तर फॉसिफाय क्लॉक. टायमरसारखं साधं ॲप कॉन्टॅक्ट किंवा लोकेशन मागत असेल तर तिथूनच परत फिरा.

नवी_बॅटरी:
आवाजाचंही बघा. टायमर अलार्मच्या आवाजावर वाजतो, गाण्यांच्या नाही. बाजूचं बटण दाबलं की बहुतेक वेळा गाण्यांचाच आवाज वाढतो. बटण दाबल्यावर दिसणाऱ्या पट्टीतले तीन ठिपके दाबून अलार्मची पट्टी वेगळी वाढवा.

आईंच्या आयफोनला वेगळं ॲप नकोच. आयओएस 17 पासून मूळच्या क्लॉकमध्ये एकाहून जास्त टायमर लागतात, नावासकट. सायलेंटवर असला तरी तो टायमर वाजतो. बाहेरची बहुतेक ॲप्स तिथे साधं नोटिफिकेशन पाठवतात, आणि ते सायलेंटवर गप्प बसतं. 'व्हेन टायमर एंड्स'मध्ये सगळ्यात खाली 'स्टॉप प्लेइंग' निवडलेलं नाही ना, तेही पाहा. ते निवडलं असेल तर वेळ संपल्यावर नुसतं चालू गाणं बंद होतं, घंटी वाजत नाही.

तव्यावरची:
ॲप कुठलंही असो, टायमर कधी सुरू करता यावर सगळं आहे. इडलीला पाणी उकळून वाफ धरल्यावर पात्र ठेवायचं आणि मगच 12 मिनिटं. गार पाण्यावर ठेवून लावलात तर मधली इडली कच्ची राहते आणि दोष पिठावर जातो. छोले-राजमा कुकरला लावलात तर पहिली शिट्टी झाली, गॅस बारीक केला, की टायमर. शिट्ट्या मोजण्यात अर्थ नाही, त्या आचेवर आणि आतल्या पाण्यावर अवलंबून असतात. डाळ-तांदूळ 8 तास भिजवायला मात्र टायमर नको, सरळ पहाटे 5 चा अलार्म लावा. "6 तास 41 मिनिटं उरली" वाचून कोणाला काय कळतं?

हात पिठाचे असतील तर फोनला इंग्रजीत सांगा: "सेट इडली टायमर फॉर ट्वेल्व्ह मिनिट्स". नाव आपोआप पडतं.

उकडपात्र:
अलार्म्स अँड रिमाइंडर्स बंदच होतं. चालू केलं, 2 मिनिटांचा लावून पाहिला, वेळेवर वाजला. धन्यवाद सगळ्यांना.

सेकंदकाटा:
2 मिनिटांत फोन नीट झोपतच नाही, त्यामुळे ती चाचणी धरू नका. चार्जर काढून, स्क्रीन बंद करून, फोन टेबलावर न हलवता ठेवा आणि 45 मिनिटांचा लावा. भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहा. तो वेळेवर वाजला तर कुकर त्याच्या भरवशावर ठेवायला हरकत नाही.