"शिकला नाही म्हणून कंपनीत गेला" : कंपनीतल्या लोकांनो, खरं काय ते तुम्हीच लिहा

भाच्याला दहावीला ७४ टक्के पडले आणि तो म्हणतोय आयटीआयला मशिनिस्ट करायचंय, तर बहिणीच्या घरात आठ दिवस झाले कुणाला जेवण गोड लागेना. "एवढे मार्क पाडून लोखंडात हात काळे करणार काय?" हे एकच वाक्य फिरून फिरून. मी १६ वर्षं कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत सेटर आहे, म्हणजे मशीनवर टूल आणि मापं लावून जॉब चालू करून देणारा, पण मी बोललो की "तू तर त्यातलाच" म्हणतात. म्हणून इथं मांडतोय. शिरोली, गोकुळ शिरगाव, फाइव्ह स्टार, उद्यमनगर, जिथं असाल तिथलं लिहा, चांगलं आणि वाईट दोन्ही.

माझ्यापासून सुरुवात करतो. मला पण वाटायचं बटण दाबलं की मशीन आपोआप सगळं करतंय. तिसऱ्या महिन्यात व्हीएमसीवर (कॉम्प्युटरच्या आकड्यांवर चालणारं, लोखंड कापायचं मशीन) टूल बदललं, त्याच्या लांबीचा आकडा, म्हणजे ऑफसेट, सात नंबरला टाकायचा तो सहाला टाकला आणि ड्राय रन (रिकामी चाचणी) न घेता मशीन चालू. टूल फुल वेगात सरळ जॉब धरणाऱ्या फिक्श्चरमध्ये घुसलं. तो आवाज अजून कानात आहे. टूल फिरवणारा स्पिंडल खोलायला लागला, मशीन चार दिवस बंद, मला वाटलं गेली नोकरी. सुपरवायझर ओरडले नाहीत, कागद-पेन दिलं आणि म्हणाले, टूल कुठनं निघालं आणि कुठं थांबायला पाहिजे होतं, काढून दाखव. दोन तास बसलो तेव्हा एक्स, वाय, झेड डोक्यात शिरलं. आज गोलावरची होलं बसवताना साइन-कॉस लागतंच, आणि शाळेत हाच विषय मी घोकून पास झालो होतो.

मेल्टिंग, गोकुळ शिरगाव
फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं कोळसा न् धूर. उष्णता आहे, ते मी नाकारत नाही, मे महिन्यात भट्टीपाशी जीव नकोसा होतो. पण आमची भट्टी विजेवरची, इंडक्शन. रस तयार झाला की थोडा ओतून नाण्याएवढी चकती पाडायची, घासायची, स्पेक्ट्रोमीटरवर ठेवायची, ठिणगी पडली की कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगनीज किती सगळं स्क्रीनवर. मग कार्बनमध्ये सिलिकॉनचा तिसरा हिस्सा मिळवून बघायचं, आकडा बसत नसला तर काय टाकायचं आणि किती किलो, हे उभ्या उभ्या ठरवायला लागतं. एसजी आयर्नला (ज्यात ग्राफाइट गोळ्यांसारखा असतो ते चिवट बीड) तर घड्याळ बघूनच काम, कारण मॅग्नेशियम दिल्यावर ते रसातनं उडत राहतं, ओतायला उशीर झाला की आतला ग्राफाइट गोळीसारखा बनत नाही, कास्टिंग (ओतलेला भाग) वरनं देखणं आणि ताकदीला कमी. मी बीएस्सी केमिस्ट्री आहे. पाहुण्यांत अजून "भट्टीवर असतो" एवढंच सांगतात.

क्वालिटी, कागल-हातकणंगले फाइव्ह स्टार
मी डिप्लोमा मेकॅनिकल. सासरी पहिला प्रश्न, ऑफिसात असतीस न्हवं? मी म्हटलं नाही, सीएमएमवर, म्हणजे जॉबची बारीक मापं घेणाऱ्या मशीनवर. एक प्रसंग सांगते. ७२ मिमीचा बोअर (आतलं गोल भोक), ड्रॉइंगवर एच७, म्हणजे वरच्या बाजूला फक्त ३० मायक्रॉनची मोकळीक, मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो म्हणजे बघा. मशीनवर ओके आलेला जॉब माझ्याकडं सात-आठ मायक्रॉन बारीक निघाला. ऑपरेटर मामा आमच्या वडलांच्या वयाचे, तडकून आले, "ताई, तुमचं मशीन खोटं बोलतंय." मी जॉबला हात लावला तर अजून कोमट होता. म्हटलं मामा, दोन तास इथंच ठेवू, ही रूम २० डिग्रीला असते, मग तुमच्याच बोअर गेजनं तुम्ही मापा. मापलं, तर बारीकच निघाला. गरम लोखंड फुगलेलं असतंय, थंड झाल्यावर बोअर आवळतो. मामा गप उभे राहिले आणि म्हणाले, तीस वर्षं काम करतोय, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता जॉब गार करून स्वतः घेऊन येतात, येताना चहा पण सांगतात.

उद्यमनगर, पॅटर्न मेकर, वय ६६
पॅटर्न म्हणजे वाळूत साचा पाडायचा नमुना. माझ्या वडलांनी ऑइल इंजिनाचे पॅटर्न सागवानात केले. आमच्याकडची पट्टी बाजारातल्या पट्टीसारखी नसते. बीड गार होताना साधारण शंभराला एक आकसतं, म्हणून पट्टीवरचा एक फूट मुळातच थोडा मोठा, आणि स्टीलला दोन टक्क्यांची वेगळी पट्टी. हे न कळणाऱ्यानं पॅटर्न केला तर अख्खा लॉट भंगारात. आता थोरला मुलगा कॉम्प्युटरवर मॉडेल काढून मशीनवर पॅटर्न कापतो, पण ड्राफ्ट (पॅटर्न वाळूतनं सुटायला दिलेला उतार) किती द्यायचा आणि कोअर (आतली पोकळी पाडणारा वाळूचा गाभा) कुठं टेकवायचा हे अजून मलाच विचारतो. आम्हाला कुणी कमी शिकलेलं म्हटलं की वाईट वाटतं.

कंत्राटी, शिरोली
सगळं गोड लिहू नका. मी पाच वर्षं फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या कामाला, कंत्राटात आहे. मास्क मागितल्यावर मिळतो, न मागता नाही, आणि ती धूळ फुप्फुसात जाते तिचा हिशोब कुणी ठेवत नाही. काम हलकं नाही, मान पण द्या आणि कायम पण करा. पोराला पाठवायचं असलं तर पीएफ कापतात का, पगार स्लिप देतात का, हे आधी बघा.

मूळ लिहिणारा
भाऊ, बरोबर आहे, हे बहिणीला वाचून दाखवलं. आता भाचा विचारतोय मशिनिस्ट घेऊ का टर्नर (लेथवरचं काम)? दोन्ही दोन वर्षांचेच.

पॅटर्न मेकर
पोराला म्हणावं, जे मशीन बघून पाय थांबतात ते घे. आणि पहिल्या स्टायपेंडात स्वतःचा व्हर्नियर घे, दुसऱ्याचा वापरू नको.