मदत हवी आहे : पत्र्याच्या घरांतला उकाडा उपग्रहाच्या नकाशात कसा पकडावा?

नमस्कार. पर्वतीच्या उतारावरील आमच्या वस्तीत पुढच्या उन्हाळ्याआधी कोणत्या गल्लीतील छतांना प्रथम पांढरा रंग द्यायचा, हे ठरवण्यासाठी आम्ही काही रहिवासी लँडसॅट ८ आणि ९ या उपग्रहांची मोफत मिळणारी तापमानाची चित्रे वापरत आहोत. हे उपग्रह पुण्यावरून दुपार होण्याआधीच जातात आणि त्यांचा उष्णतामापक सुमारे १०० मीटरच्या तुकड्याची सरासरी देतो. आमची गल्ली तर जेमतेम चार फुटांची.

त्याहून मोठा पेच पत्र्यांचा आहे. नवा, चकचकीत पत्रा तापला तरी उष्णता कमी उत्सर्जित करतो, त्यामुळे चित्रात तो प्रत्यक्षापेक्षा थंड दिसतो, आणि ज्या घरातील आजी गेल्या मे महिन्यात छताखाली ओले गोणपाट टांगून रात्री दोनपर्यंत उंबऱ्यावर बसून असत, तेच घर नकाशावर निळसर येते. हा नकाशा तसाच पुढे नेला, तर ज्यांना सर्वाधिक गरज आहे तेच वगळले जातील, याची मला मनापासून काळजी वाटते.

पत्र्यासाठी उत्सर्जनाची दुरुस्ती कोणी प्रत्यक्ष करून पाहिली आहे का? आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून जमिनीचे तापमान मोजणाऱ्या इकोस्ट्रेस उपकरणाची रात्रीची चित्रे पुण्यासाठी कोणी वापरली असल्यास कृपया अनुभव सांगावा. पडताळणीसाठी घरांत तापमापक ठेवायचे आहेत. ते किती आणि नेमके कोठे टांगावेत?