पोलीस भरतीत मैदानी चाचणीचे गुण कसे तपासून घ्यायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण तीन वर्षं पहाटे चारला उठून पोलीस शिपाई भरतीची तयारी करतेय. मैदानीचे 50 गुण असतात: मुलींना 800 मीटर धावणे 20, शंभर मीटर 15, गोळाफेक 15. धावण्यात ती कमी पडली नाही. गोळाफेकीत मात्र तिच्या डोळ्यांदेखत एका मुलीला फाऊल झाल्यावरही जादा संधी दिली गेली. त्या मुलीचे काका त्याच दलात आहेत, हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं. बहिणीने फक्त विचारलं, तर "जास्त बोललीस तर बाहेर काढीन" असं तिला सुनावलं. ती घरी येऊन रडली, जेवलीही नाही.

अवघ्या दोन गुणांनी ती लेखीला बसू शकली नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये, सरकारी भरतीतल्या इतर उमेदवारांचे गुण माहिती अधिकारात मिळू शकतात असं म्हटलंय, एवढं वाचलं. मग मैदानाचं चित्रीकरण आणि गोळाफेकीच्या नोंदीही मागता येतील का? अर्ज नेमका कोणत्या शब्दांत करावा? उत्तराला 30 दिवस लागतील, तोवर चित्रीकरण पुसलं जाऊ नये म्हणून आधी काय करावं? मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) कुणी स्वतः गेलंय का, वकिलाचा खर्च साधारण किती आला?

आईला भीती वाटते की तक्रार केली तर पुढच्या भरतीत चारित्र्य पडताळणीत अडवतील. असं कुणाच्या बाबतीत घडलंय का? कृपया अनुभव असलेल्यांनीच सांगा.