दोन जनगणनांच्या नकाशात गावं ओस कशी पडली?

प्रश्न: दोन जनगणनांचे आकडे क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडले. एक गाव जवळपास रिकामं, शेजारचं दुप्पट फुगलेलं. एवढे लोक हलले असतील?

उत्तर १: लोक कसले, हद्द हलली असणार. दोन्ही वर्षांच्या सीमा एकमेकींवर टाका. जिथे रेषा जुळत नाहीत तिथली गावं एकत्र करून मगच टक्केवारी काढा. आणि दोन्ही वर्षांचे आकडे गावाच्या कोडवर जोडा, नावावर नको. एकाच नावाची गावं ढीगभर असतात.

उत्तर २: सरळ जीएचएसएल घ्या, म्हणजे जगभरच्या वस्तीचा आणि लोकसंख्येचा तयार नकाशा-संच. १९७५ पासून दर ५ वर्षांची, १०० मीटरच्या चौकटींची जाळी, तीही फुकट. हद्दीची कटकटच नाही.

उत्तर १: थांबा, ती जाळी म्हणजे शिरगणती नव्हे! जनगणनेचा आकडा उपग्रहाला दिसलेल्या बांधकामावर वाटलेला असतो. कुलूपबंद घरातही ती माणसं बसवते. स्थलांतर शोधायचंय ना, मग नेमके तिथेच फसाल.

प्रश्नकर्ता: मग वयोगटांचा नकाशा करू?

उत्तर १: कराच. एकूण संख्या जागच्या जागी आणि विशी-तिशीतला गट आटलेला, अशी गावं आधी उचला. साध्या घनतेच्या नकाशात ती दिसतच नाहीत.