मदत हवी आहे: हिस्टोन ऑक्टॅमर कमी मिळतोय

नमस्कार. पुण्यात पाषाणच्या आमच्या लॅबमध्ये झेनोपस बेडकाचे चारही कोअर हिस्टोन (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो ती प्रथिनं: एच२ए, एच२बी, एच३, एच४) ई. कोलाय जिवाणूत वेगवेगळे बनवतो आणि मग त्यांचा ऑक्टॅमर (प्रत्येकी दोन, असा आठांचा संच) जुळवतो. टप्पे असे: इन्क्लुजन बॉडीज (पेशीत साठणारे प्रथिनाचे गोळे), युरियात आयन एक्स्चेंज, ७ मोलर ग्वानिडीनमध्ये उलगडणे, २ मोलर सोडियम क्लोराइडमध्ये डायलिसिस, शेवटी सुपरडेक्स २०० (आकारानुसार वेगळं करणारा कॉलम). जेलवर चारही स्वच्छ दिसतात. तरी कॉलमवर ऑक्टॅमरचा पीक बुटका आणि एच२ए-एच२बी डायमरचा (जोडीचा) मोठा येतो, शिवाय सुरुवातीलाच थोडं अ‍ॅग्रीगेट (प्रथिनाच्या गुठळ्या).

एच३ मधल्या ११० व्या सिस्टीनचं ऑक्सिडेशन होऊ नये म्हणून बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल दर वेळी ताजं घालतो. मास स्पेक्ट्रोमेट्रीत ४३ डाल्टनची भर नाही, म्हणजे युरियामुळे कार्बामिलेशन (प्रथिनात होणारा रासायनिक बदल) झालेलं नाही. एच२ए-एच२बीचं प्रमाण कमी करूनही पाहिलं. डायमर घटला, ऑक्टॅमर वाढला नाही. माझा संशय हिस्टोन किती आहे याच्या मोजमापावर आहे. या हिस्टोनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नसतं, २८० नॅनोमीटरचं प्रकाशशोषणाचं रीडिंग टायरोसिन या अमिनो आम्लावरच चालतं, त्यामुळे थोड्याशा डीएनएनेही आकडा फुगतो.

तयार ऑक्टॅमर विकत घेणं जमणार नाही, कारण पुढे एच३ चे म्युटंट वापरायचे आहेत. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा: एच३-एच४ टेट्रामर (चारांचा संच) आधी वेगळा शुद्ध करून मग डायमर मिसळल्याने ऑक्टॅमर खरंच वाढतो का, आणि मिसळताना प्रमाण किती ठेवता?