लॅपलँडचा दमट उन्हाळा: स्प्रूस केशरी, डास हटेनात

रोव्हानिएमीत नवीन:
मंडळी, आम्ही ओउलूहून इकडे लॅपलँडला, म्हणजे फिनलंडच्या अगदी उत्तरेच्या भागात, राहायला आलो आणि हा इथला पहिलाच उन्हाळा. जूनभर पावसाची रिपरिप होती, जुलैत ऊन पडलं तरी हवा कोंदटच. आता ऑगस्ट लागला. घरामागच्या स्प्रूसच्या (सुईसारख्या पानांचं झाड) फांद्यांची टोकं केशरी झालीत, हात लावला की बोटांना हळदीसारखी पूड लागते. डास आहेतच, वर जाळीतून आत घुसणारी चिलटं. शेजारच्या आजी म्हणतात, यंदा हिल्ला (दलदलीतली ती पिवळसर बेरी) मिळणारच नाही. हे सगळं ओलीमुळेच का? झाडं तोडावी लागतील का?

सोदान्क्युलाची रानवेडी:
झाडांना हात लावू नका! हा तांबेरा आहे. नीट बघा, फक्त यंदाच्या कोवळ्या सुया केशरी असतील, मागच्या वर्षीच्या हिरव्यागार. ही बुरशी हिवाळा काढते सुओपुर्सूच्या पानांत. दलदलीच्या कडेला पांढऱ्या फुलांचं, उग्र वासाचं झुडूप असतं ना, ते. जूनमध्ये स्प्रूसला कोंब फुटतात, नेमका तेव्हाच पाऊस लागून राहिला की तिथले बीजाणू या ओल्या कोवळ्या सुयांवर रुजतात. म्हणजे आत्ता जे दिसतंय ते जूनच्या पावसाचं फळ आहे. तळ्याकाठी जाऊन या, पाण्यावर केशरी साय धरलेली दिसेल. लोक घाबरतात, कुणीतरी रंग किंवा रसायन ओतलं म्हणून. ती हीच पूड.

हिल्लाचंही गणित जूनमध्येच ठरतं. तिची नर आणि मादी झाडं वेगवेगळी, त्यामुळे माश्या आणि भुंगे फिरले तरच फळ धरतं. फुलं उमलली असताना गारठा आणि पाऊस असेल तर कीटक उडत नाहीत आणि फूल रिकामंच गळतं. आजींनी तेव्हाच दलदल बघून ठेवली असणार, त्यांचं ऐका.

डासांचं मात्र वेगळं आहे. इथल्या बहुतेक डासांची अंडी ओल्या मातीत, शेवाळात हिवाळा काढतात आणि बर्फ वितळून साचलेल्या डबक्यांत फुटतात. किती डास होणार, हे बरंचसं मे महिन्यातच ठरून जातं. जूनच्या पावसाने डबकी आटत नाहीत, अळ्यांना पूर्ण वाढ मिळते. पुढे हवा दमट आणि वारा पडलेला असला की मोठे डास जास्त दिवस जगतात. कोरडं ऊन आणि वारा त्यांना मारतो. चिलटं ओल्या मातीतच वाढतात, त्यांना असा उन्हाळा मानवतो. साध्या जाळीने ती थांबत नाहीत, बारीक विणीचीच लावा.

मला खरी काळजी रेनडिअरची वाटते. जुलैत डासांना कंटाळून ते वाऱ्याच्या उघड्या डोंगरमाथ्यावर गोळा होतात, पाळणारे तेव्हाच पिल्लांच्या कानांवर मालकीची खूण करून घेतात. तेवढा डास उपयोगीच. पण ऊब आणि डास दोन्ही लांबले की डासांतून पसरणारा सेटारिया टुंड्रा हा जंत जोर धरतो. २००३ ते २००५ मध्ये फिनलंडमध्ये त्याची मोठी साथ आली होती, पोटात सूज येऊन जनावरं खंगली.

सांगलीकर:
आमच्याकडे सोयाबीनवर तांबेरा आला की लगेच फवारणी. तिकडे काहीच करत नाहीत?

सोदान्क्युलाची रानवेडी:
दादा, तुमचं पीक काही महिन्यांचं, हातचं गेलं तर हंगाम गेला. स्प्रूसच्या जुन्या सुया शाबूत असतात. आजारी सुया गळतील, वाढ थोडी खुंटेल, झाड जगेल. शिवाय हा तांबेरा स्प्रूसवरून थेट दुसऱ्या स्प्रूसवर जातच नाही, मध्ये सुओपुर्सू लागतंच.

रोव्हानिएमीत नवीन:
जीव भांड्यात पडला, ताई. एकच शेवटचं. वाफ्यात पुइकुला जातीचा बटाटा लावलाय. पानांवर काळपट डाग, आणि सकाळी पानाखाली पांढरी लव दिसते.

सोदान्क्युलाची रानवेडी:
तो करपा. आजच पाला जमिनीलगत कापून वाफ्याबाहेर काढा, म्हणजे पावसाबरोबर रोग खाली कंदांपर्यंत उतरणार नाही. बटाटे लगेच उपटू नका, दोनेक आठवडे मातीतच साल पक्की होऊ द्या. मग कोरडा दिवस बघून काढा आणि डागाळलेले वेगळे ठेवा. आणि अळंबीसाठी टोपली तयार ठेवा, अशा ओलीनंतर बर्चच्या झाडांखाली भरपूर उगवतात. फक्त ओळखणाऱ्या माणसाला बरोबर घ्या.