दोन तासांचा ऑनलाइन प्रथमोपचार कोर्स कारखान्याला चालतो?

प्रेसशॉप_भोसरी: "सगळ्यांना दोन तासांचा ऑनलाइन कोर्स द्या, सर्टिफिकेट फाइलला लावा, ऑडिट पार" असं एका एचआरवाल्यांनी परवा इथे लिहिलंय. खाली पन्नास जणांनी "छान माहिती" म्हटलंय, म्हणून लिहितो. आमच्याकडे पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर, बोटं जातात, वेल्डिंगला भाजतं, शॉक बसतो. सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा पाच-सहा सेंटीमीटर दाबायची. दोन मिनिटांत हात भरून येतात. हे पडद्यावर बघून येत नाही, सरावाच्या माणसाएवढ्या बाहुलीवर घाम गाळावा लागतो. कोर्स ठरवताना विचारा: बाहुल्या किती आणणार? शिकवणारा आधी शॉपमध्ये फिरून जाणार का?

एचआर_चाकण: पोस्ट माझी आहे. पूर्ण दिवस तीस माणसं सोडा म्हटलं की प्रॉडक्शनवाले काय बोलतात ते मी ऐकते, तुम्ही नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम ४५ मध्ये १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारा एक सर्टिफिकेटवाला, एवढंच होतं.

सेफ्टी_नाशिक: मॅडम, कलम पुढेही वाचा. सर्टिफिकेट राज्य सरकारने मान्य केलेलं लागायचं आणि तो माणूस कामाच्या वेळेत कायम हजर लागायचा. म्हणजे तिसऱ्या पाळीतसुद्धा. तुमचा सर्टिफिकेटवाला जनरल शिफ्टचा असेल तर रात्री दोनला पेटीची चावी कुणाकडे?

रात्रपाळी_तारापूर: पाळीचं सोडा, माणसं कुठली निवडता ते बोला. आमच्या आधीच्या कंपनीत ट्रेनिंगच्या यादीत फक्त पर्मनंट. ड्रम हलवणारी पोरं सगळी कंत्राटी. एकाच्या तोंडावर ॲसिड उडालं तर सुपरवायझर खायचा सोडा शोधत धावला. पाणी ओतायचं, निदान वीस मिनिटं, लगेच! त्या पोराला आय-वॉश, म्हणजे डोळे धुवायचा नळ, कुठे आहे तेही माहीत नव्हतं. ट्रेनिंग झालं होतं ना, इंग्रजी स्लाइडवर, ऑफिसवाल्यांचं.

एचआर_चाकण: कंत्राटी मुलं तीन महिन्यांत सोडून जातात. ती जबाबदारी ठेकेदाराची. प्रत्येक धाग्यात कंत्राटी प्रश्न आणायलाच हवा का?

रात्रपाळी_तारापूर: तीन महिन्यांत ॲसिड उडत नाही का? काम तुमच्या शेडमध्ये आणि पोरगं ठेकेदाराचं, हे ऐकून कान किटले. यादी करताना धोका कुणाच्या अंगावर आहे ते बघा, पे-रोल नंतर.

सिस्टर_ओएचसी: दोघंही जरा थांबा. मी कारखान्याच्या दवाखान्यात काम करते. तुटलेलं बोट थेट बर्फात टाकून आणलेलं मी पाहिलंय. आणणाऱ्याकडे ताजं ऑनलाइन सर्टिफिकेट होतं. बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळायचं, पिशवीत घालून तोंड बंद करायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. थेट बर्फाने पेशी मरतात, मग जोडणार काय? प्रेस शॉपच्या कोर्समध्ये हे पहिल्या तासाला हवं. तिथे साप चावल्यावर अर्धा तास घालवून काय उपयोग?

प्रेसशॉप_भोसरी: सिस्टर, हेच म्हणत होतो. गाडी कंत्राटीवर गेली.

रात्रपाळी_तारापूर: गेली नाही, मुद्दा तोच आहे. बोट कुणाचं जातं?

एचआर_चाकण: बरं. प्रत्येक पाळीत दोन माणसं, मान्य सर्टिफिकेट, बाहुलीवर सराव, हे मी मांडते. ऑनलाइन कोर्स ऑफिसच्या मजल्यापुरता ठेवते, तो मी काढणार नाही. कंत्राटी मुलांना गेट इंडक्शनमध्ये, म्हणजे कामावर घेताना गेटवर माहिती देतात तेव्हा, हिंदीतून अर्धा तास. त्याहून जास्त मागू नका, मिळणार नाही.

रात्रपाळी_तारापूर: अर्धा तर अर्धा. पण प्रत्येकाने स्वतः आय-वॉश चालवून बघायचा. नुसती सही घेतलीत तर परत इथे येऊन भांडेन.